पाच मिनिटांचे काम : बडोद्यातल्या गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि सजावटीची जबाबदारी अंगावर घेतलेली मंडळी यांस,

विषय : मंडपातले वेल्डिंग कापड लागण्याआधी उरकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मकरपुरा जीआयडीसीत माझी छोटी शेड आहे. दोन कारागीर, एक हेल्पर आणि मी. तरसालीच्या आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडलो तेव्हा वेल्डिंग मशीन म्हणजे तेलाने भरलेले लोखंडी धूड असायचे. चाकांवर ढकलत न्यावे लागायचे आणि ते नेण्याचाच एवढा व्याप की उगाच कुणी बोलावत नसे. आता चार-पाच किलोची इन्व्हर्टर मशीन पिशवीसारखी खांद्याला अडकवून पोरगा स्कूटरवरून कुठेही पोचतो. मोठी सोय झाली. पण मला विचाराल तर निम्मा घोळ या सोयीनेच घातला आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच मंडळांच्या कमानी, मखरांचे सांगाडे आणि मिरवणुकीच्या ट्रॉल्या माझ्या हातून गेल्या आहेत. राहतो दांडिया बाजारालगत, त्यामुळे दहा दिवस माझी झोप तुमच्या स्पीकरच्या हवाली असते. ती तक्रार पुन्हा कधीतरी.

चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन रात्री माझा फोन थांबत नाही. साडेदहा-अकराला कुणीतरी कार्यकर्ता म्हणतो, ‘काका, पाच मिनिटांचे काम आहे. एक अँगल टेकवून द्या, बस.’ हा अँगल फोकस लाइटसाठी असतो, नाहीतर पंख्यासाठी, नाहीतर ऐनवेळी वाढलेल्या देणगीदाराच्या बोर्डासाठी. मी पोचतो तेव्हा सॅटिनचे पडदे लागलेले असतात. थर्माकोलचे अख्खे देऊळ उभे असते. मागे फोमच्या शीटा, पायाखाली गालिचा, स्टेजखाली मूर्तीच्या पॅकिंगचा पेंढा आणि गेल्या वर्षीचे फ्लेक्स. या सगळ्याच्या मधोमध मी होल्डरला रॉड लावायचा.

लोकांना शिकवण्याआधी स्वतःचे सांगतो. वीस-बावीस वर्षे होऊन गेली. मंडळाचे नाव लिहीत नाही, कारण तेव्हाची मंडळी अजून आहेत आणि चूक त्यांच्याइतकीच माझी होती. काम असेच, हॅलोजनची पट्टी मारायची. बारा नंबरचा रॉड, दोन टाके. हेल्परने पडदा हाताने बाजूला धरला, मी टाके मारले, चिपिंग हॅमरने स्लॅग (टाक्यावरचा जळका थर) झाडला, खाली वाकून पाहिले. काही नव्हते. खरेच काही नव्हते, आजही शपथेवर सांगेन. मशीन बंद करून आम्ही सहा जण सेव-उसळ खायला गेलो. दुसऱ्यांदा तर्री मागवली तेव्हा एक पोरगा धावत आला. म्हणजे पाऊण तास तरी झाला असेल.

स्टेजच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. लोखंडाचा एक थेंब तिच्यातून खाली पेंढ्यात पडला आणि तिथे गुमान धुमसत राहिला. ज्वाळा नाही आणि धूर एवढा बारीक की उदबत्तीचा वाटावा. पाऊण तासाने त्याला वारा मिळाला. आम्ही पोचेपर्यंत मागचा पडदा वरपर्यंत चढला होता. सिंथेटिक कापड जळते तसे वितळतेही. त्याचे पेटते ठिपके खाली पडत होते आणि पाण्याची बादली घेऊन पुढे झालेल्या सतरा-अठरा वर्षांच्या एका कार्यकर्त्याच्या हातावर त्यातला एक चिकटला. झटकला तर कातडीसकट निघाला. वर कुणीतरी टूथपेस्ट थापली. मूर्ती दुसऱ्या दिवशी यायची होती, म्हणून ती वाचली. जळलेल्या जागी फ्लेक्स लावून उत्सव पार पडला, वर्गणीदारांना कळलेसुद्धा नाही. तो कार्यकर्ता आता चाळिशीत आहे. सुरसागरच्या बाजूला भेटतो, हसून बोलतो. शर्टाची बाही दुमडलेली असली की मीच दुसरीकडे बघतो.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. वेल्डिंगची आग दरवेळी वेल्डर असतानाच लागत नाही, बऱ्याचदा तो गेल्यावर लागते.

वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. लोखंड वितळते साधारण १,५०० अंश सेल्सिअसला. बारीक ठिणग्या हवेतच विझतात, त्यांचे काही नाही. मोहरीएवढा थेंब मात्र जमिनीवर पडून विझत नाही. तो उसळतो, घरंगळतो आणि फट शोधतो. सपाटीवर काम चालू असेल तर असे थेंब दहा-अकरा मीटरपर्यंत जातात, म्हणून जगभरच्या नियमांत तेवढ्या अंतरातले जळाऊ सामान हलवा किंवा झाका असे सांगितलेले असते. कमानीवर चढून काम केले तर आणखी लांब. आता तुमच्या मंडपाची लांबी-रुंदी मनात आणा. अकरा मीटरमध्ये बहुतेक मंडप संपतो आणि समोरच्या दुकानाचे शटर येते.

त्यात थर्माकोलचे वेगळेच. ते शंभर अंशांच्या आसपासच नरम पडते. तापलेला थेंब त्यात सुरीसारखा आत शिरतो आणि वर राहते फक्त एक भोक. तुम्ही वरून बघता, काही दिसत नाही. आत काय चालले आहे ते थर्माकोल आणि तो थेंब जाणे.

जर्मनीत डुसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ रोजी हेच झाले. टर्मिनलच्या डोक्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होते. वितळलेले लोखंड खाली झिरपले आणि छताच्या पोकळीतल्या इन्सुलेशनला लागले. ते इन्सुलेशन पॉलिस्टायरिनचे होते, म्हणजे आपल्या भाषेत थर्माकोल. १७ माणसे गेली, बहुतेक धुराने. जर्मन माणसांचा काटेकोरपणा आपण चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगत असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पण एवढ्या लांब जायचे कारणच काय? २५ मे २०२४, शनिवारची संध्याकाळ, राजकोटचा गेम झोन. वेल्डिंग चालू, खाली फोम आणि प्लास्टिकचे सामान, आत सुट्टीला आलेली मुले. २७ जीव गेले. सीसीटीव्हीची ती चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर पाहिली असेल. मी ती धंद्याच्या डोळ्यांनी पुन्हापुन्हा पाहिली. ठिणग्या पडताहेत, माणसे विझवायला धावताहेत, आणि आग त्यांच्या हातांना दाद देत नाही. फोम पेटला की तुमच्याजवळ मिनिटे नसतात. त्या महिन्यात मी माझ्या दोन्ही कारागिरांना समोर बसवून ती दाखवली. एक म्हणाला, ‘काका, आपण तर दरवर्षी असेच करतो.’

हो. दरवर्षी असेच करतो.

आता गंमत बघा. हाच कारागीर कोयली-नंदेसरीच्या पट्ट्यातल्या कारखान्यात शटडाउनच्या कामाला जातो तेव्हा हॉट वर्क परमिटवर, म्हणजे ठिणगीच्या कामाच्या लेखी परवानगीवर, सही झाल्याशिवाय त्याला आर्क (रॉड आणि लोखंडामधली विजेची ठिणगी) मारता येत नाही. आधी सेफ्टीवाला येतो, गॅस तपासतो, आजूबाजूचे झाकून घेतो, एक माणूस विझवायचे सामान घेऊन नुसता बघायला उभा करतो. काम संपल्यावरही तो माणूस हलत नाही. पूर्वी अर्धा तास थांबण्याची रीत होती, अमेरिकेच्या अग्निसुरक्षा मानकात आता तो पूर्ण तास झाला आहे. आपल्याकडेही वेल्डिंग-कटिंगमध्ये आगीची काळजी कशी घ्यायची यावर आयएस ३०१६ हे मानक आहे आणि वेल्डरच्या अंगाच्या सुरक्षेवर आयएस ८१८ आहे. दोन्ही जुनी आहेत, माझ्या आयटीआयच्या आधीपासूनची. म्हणजे कुणाला माहीत नव्हते, अशातला भाग नाही. तोच माणूस, तोच रॉड. कारखान्याच्या फाटकाच्या आत तो शिस्तीचा आणि मंडपात त्याच्या अंगावर बनियन, पायात स्लीपर.

त्याचे कारण तुम्ही आहात, राग मानू नका. कारखान्यात त्याला नाही म्हणणारा कुणीतरी असतो. मंडपात सगळेच ‘होऊन जाईल’ म्हणणारे. आणि गल्लीतल्या अध्यक्षाला नाही म्हणणे आम्हा धंदेवाल्यांना परवडत नाही. वर्षभराची ओळख असते, कुणाच्या तरी गच्चीची जाळी अजून व्हायची असते. म्हणून हे पत्र वेल्डरांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

माझे मागणे एकच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मंडपात कापड, थर्माकोल, फोम यांतले काहीही येण्याआधी लोखंडाचे काम संपवा. संपवा म्हणजे पूर्ण संपवा. त्याची तारीख बैठकीत ठरवा आणि मंडप डेकोरेशनवाल्याला सांगा की त्या तारखेआधी त्याचा टेम्पो यायचा नाही. त्या तारखेनंतर मंडपात आर्क नाही, कटर नाही, ग्राइंडर नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या गार असतात असा एक समज आहे. त्यांना सुक्या पेंढ्यापाशी नेऊन बघा.

‘पण ऐनवेळी काही लागतेच, काका.’ लागते, मला माहीत आहे. त्याचा तोडगा आहे. सांगाडा करतानाच मी प्रत्येक उभ्या पाइपला दोन-तीन ठिकाणी भोके पाडलेल्या पट्ट्या मारून ठेवतो. कमरेच्या उंचीला एक, डोक्याच्या वर एक, माथ्याला एक. मग फोकस येवो, पंखा येवो, देणगीदाराचा बोर्ड येवो, नट-बोल्टने कसा. जिथे पट्टी नाही तिथे यू-क्लॅम्प. पाना फिरवून कधी मंडप पेटल्याचे ऐकले नाही. तुमच्या फॅब्रिकेटरला एवढेच सांगा, पट्ट्या जास्त मार. भंगारातल्या लोखंडाचे काम आहे, कुणी पैसे मागितले तर माझ्याकडे पाठवा.

आणि काम लवकर उरकले तरीही, ते संपल्यावर तासभर एक माणूस तिथे बसवा. त्याचे नाव कागदावर लिहा. ‘पोरे असतातच तिथे’ हे नाव नव्हे. त्याच्याजवळ पाण्याच्या दोन बादल्या, वाळू आणि आग विझवायच्या एबीसी पावडरचा सिलेंडर हवा. सिलेंडरच्या काट्याकडे बघा, तो हिरव्यात आहे का, आणि पिन कशी ओढायची हे त्या माणसाला आधी दाखवा. राजकोट नंतर मी किती मंडपांत तो लाल सिलेंडर नारळाच्या शेजारी पूजेला ठेवल्यासारखा कोपऱ्यात पाहिला आहे. पाणी कापडावर आणि पेंढ्यावर, चालू वायरवर नाही. आधी मेन स्विच पाडायचा. त्या तासात दर दहा मिनिटांनी त्याने स्टेजखाली टॉर्च मारून बघायचे आणि नाकाने बघायचे. जळक्याचा वास डोळ्यांच्या आधी कळतो.

दांडिया बाजारात अग्निशमन केंद्र आहे म्हणून आपल्या भागातले लोक निर्धास्त असतात. केंद्र जवळ आहे हे खरे. पण बंब ज्या गल्लीतून यायचा त्या गल्लीच्या तोंडाशी कमान कुणी उभी केली आहे? दरवर्षी कमान करताना मी उंची विचारतो तेव्हा मला मूर्तीची उंची सांगतात. बंबाची कुणी सांगत नाही.

आता आगीपलीकडचे. आपला सण भाद्रपदात, म्हणजे पावसात. ओली जमीन, घामाने चिंब कारागीर आणि तात्पुरत्या मीटरवरून ओढलेली वायर, जिचा प्लग कुणीतरी कापून टाकलेला असतो आणि उघडी टोके काडीपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटमध्ये बसवलेली असतात. हे दृश्य तुम्ही पाहिले नसेल तर तुम्ही मंडपात गेलाच नाहीत. वेल्डिंग मशीनच्या होल्डरवर, आर्क नसताना, साठ-ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या अंगाला त्याचे फारसे काही वाटत नाही, म्हणून कारागीर त्याला मोजत नाहीत. ओल्या हातमोज्याने रॉड बदलताना, ओल्या लोखंडावर बसून, तेच व्होल्ट जीव घेऊ शकतात. आणि घरात बसवतो तो शॉकचा ब्रेकर इथे उपयोगाचा नाही. तो मशीनच्या अलीकडच्या लाइनला सांभाळतो, होल्डरकडची बाजू त्याला दिसतच नाही. उपाय जुनेच आहेत. पायाखाली कोरडी लाकडी फळी, चामड्याचे कोरडे हातमोजे, रबरी तळव्याचे बूट आणि पाऊस आला की काम बंद. झटका हलका असला तरी माणूस पंधरा फुटांवर कमानीत बसलेला असतो. झटक्याने मेला नाही तर पडून मरतो. त्याला बेल्ट द्या. कार्यकर्त्याच्या खांद्यावर उभे राहून दहीहंडी फोडतात, वेल्डिंग करत नाहीत.

अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या तारेचा चिमटा, जिथे टाका मारायचा तिथूनच हातभर अंतरावर लावायला सांगा. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी लोखंडाला अडकवला की करंट परत यायला स्वतःची वाट शोधतो, मग जिथे सांधा ढिला तिथे तापतो. ट्रॉलीच्या बाबतीत ही वाट बेअरिंगमधून जाते आणि विसर्जनाच्या दिवशी मांडवीच्या गर्दीत चाक धरते, मग म्हणता विघ्नहर्त्याने विघ्न आणले. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर आधी बॅटरीच्या तारा काढा. आणि जनरेटरच्या डिझेलच्या टाकीला, मग ती रिकामी का असेना, किंवा जुन्या पिंपाला आर्क लावायला कुणालाही सांगू नका. रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा वाईट असते, आत वाफ कोंडलेली असते. या एका गोष्टीवर मी अध्यक्षांशी भांडलो आहे आणि पुन्हा भांडेन.

डोळ्यांचे थोडक्यात. मुलांना वेल्डिंग बघायला फार आवडते, मलाही आवडायचे. रात्री दोन-तीनला आई उठते तर पोर डोळे चोळत रडते आहे, डोळ्यात वाळू गेल्यासारखे. आम्ही त्याला ‘वेल्डिंग लागली’ म्हणतो. ते सहा-आठ तासांनी उठते म्हणून आई-बापांना संबंध लागत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरे होते, पण त्यावर बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी असले काही घालू नका. डोळे चोळू देऊ नका आणि डॉक्टरला दाखवा. त्याहून सोपे म्हणजे कामाच्या जागेभोवती पत्र्याचा आडोसा उभा करा. ताडपत्री नको, तीही पेटते. कारागिराजवळ दहा-अकरा नंबरची काळी काच असलेले हेल्मेट आहे ना, एका हाताने धरायची पाटी नव्हे, हे बघा. पाटी धरणारा कंटाळतो आणि टाके डोळे मिटून मारतो. मी मारले आहेत.

गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. त्यावरचे जस्त जळून पांढरा धूर होतो आणि रात्री कारागिराला हुडहुडी भरून ताप येतो. दूध पाजले की उतरते असा आमच्या धंद्यात समज आहे. दूध पाजा हवे तर, पण पाइप काळा आणा.

भाजलेच कुणी, तर नळाचे वाहते पाणी, वीस मिनिटे, घड्याळ लावून. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, शाई नाही, हळद नाही. चिकटलेले कापड ओढायचे नाही. १०८ ला फोन. हे वाक्य तेव्हा कुणी मला सांगितले असते तर एका माणसाचा हात आज वेगळा दिसला असता.

खजिनदारांसाठी हिशेब : दोन सिलेंडर, हातमोजे, एक बेल्ट, पत्रा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात सगळे बसते आणि पुढच्या वर्षीही चालते.

यंदा मी ठरवले आहे की कापड लागलेल्या मंडपात माझ्याकडून कुणी येणार नाही, ओळख कितीही जुनी असो. शेजारचा दुसरा कुणी येईल आणि पाच मिनिटांत टाके मारून जाईल, हे मला माहीत आहे. म्हणून त्याच्याही आधी तुम्हाला गाठतो आहे. श्रावणातल्या कोणत्याही रविवारी सकाळी माझ्या शेडवर या, दोन-चार मंडळे मिळून आलात तरी चालेल. येताना तुमच्या सजावटीतला थर्माकोलचा एक तुकडा, पडद्याचे वीतभर कापड आणि मूठभर पेंढा आणा. मी लांबून फक्त एक टाका मारतो. मग आपण पाऊण तास बसून बघू. सेव-उसळ मी मागवतो.

कळावे,

आपला,
मकरपुऱ्यातला एक फॅब्रिकेटर